खो-खोच्या मॅटसाठी निधी : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते सप्टेंबर २०२५

९ जून २०२४

आज आमच्या खो-खो क्लबच्या कार्यकारिणीच्या सभेत मॅटसाठी निधी उभारण्याचा ठराव झाला आणि त्या कामाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी कार्यवाह म्हणून माझ्याकडे आली. मे महिन्यातील स्पर्धेत आमच्या मुली प्रथमच मॅटवर खेळल्या. आयुष्यभर मुरमाच्या मैदानावर सराव केलेल्या मुलींना मॅटवर पाय कुठे अडकतो आणि कुठे सटकतो याचा अंदाजच येत नव्हता, आणि जिची सूर मारण्याबद्दल पुण्यात ख्याती आहे ती मुलगी पहिल्या डावात दोनदा सूर मारताना कचरली. त्यांच्या खेळात काही कमी नव्हते. तो पृष्ठभाग आम्ही त्यांना कधी दिलाच नव्हता.

मैदानाचे माप २७ × १६ मीटर. भोवती दीड मीटरची मोकळी पट्टी धरली तर ३० × १९, म्हणजे ५७० चौरस मीटर. एक मीटर लांबीरुंदीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या तुकड्यांच्या मॅटचे कर व वाहतूक धरून आलेले कोटेशन ७,४०,००० रुपयांचे आहे आणि खालची जमीन समतल करण्यास १,१०,००० रुपये लागतील. क्लबचे वार्षिक उत्पन्न शुल्क व किरकोळ देणग्या मिळून १,६०,००० रुपयांच्या आसपास असते. नव्वद मुलांपैकी तिसाजणांचे शुल्क आम्ही पूर्ण माफ केलेले आहे आणि ती माफी या प्रकल्पासाठी कमी करायची नाही, हेही ठरावातच लिहून घेतले.

२३ जून २०२४

आमचे प्रशिक्षक असलेल्या सरांच्या घरची क्लबची पत्र्याची ट्रंक आज उघडली. १९९१ सालची दोन्ही प्रमाणपत्रे, म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचे आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचे, सुस्थितीत आहेत. लेखापरीक्षण अहवालही एका वर्षाचा खंड न पडता सापडले, याचे श्रेय खजिनदार ताईंचे. परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील आमच्या नोंदीचा उतारा मात्र वाचवेना. त्यावर अजून २०१२ सालची कार्यकारिणी आहे आणि त्यातील दोघे आज हयात नाहीत. २०१७ आणि २०२२ च्या निवडणुका रीतसर झाल्या, इतिवृत्ते लिहिली गेली, पण बदल अर्ज कोणीच दाखल केला नाही. १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार तो बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत द्यावा लागतो. २०२२ मध्ये कार्यवाह मीच होतो, त्यामुळे निम्मी चूक माझीच आहे आणि ती येथे लिहून ठेवतो.

ज्यांची नावे सरकारदफ्तरी नाहीत त्यांच्या सहीच्या अर्जावर कोणताही देणगीदार पैसे देणार नाही. म्हणून निधीचा शोध तूर्त बाजूला ठेवून दोन्ही वर्षांच्या सभांच्या नोटिसा, इतिवृत्ते, संमतिपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे जमवायला घेतली आहेत. विलंब माफीचा अर्जही सोबत द्यावा लागेल.

७ जुलै २०२४

पैसा कोठून येऊ शकतो याची आज पहिली मांडणी केली.

महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकात क्षेत्रीय कार्यालयामार्फत पाच लाखांपर्यंतचे काम सुचवता येते. पुण्यात ही प्रथा २००६ पासून आहे. परंतु तो पैसा सार्वजनिक जागेवरील कामाला मिळतो, संस्थेच्या हातात येत नाही, आणि आमचा सराव सदाशिव पेठेतील एका शाळेच्या मैदानावर चालतो. आमदार व खासदार निधीचेही तसेच आहे. काम यंत्रणा करते, संस्थेच्या खात्यात रक्कम जमा होत नाही. क्रीडा खात्याच्या मैदान विकासाच्या योजनेसाठी जागेवर आपला हक्क दाखवावा लागतो आणि आमच्याकडे तर मुख्याध्यापकांचा तोंडी शब्द एवढाच आधार आहे. राहिले दोन मार्ग, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात तो, आणि आपले माजी खेळाडू. दोहोंसाठी आयकराच्या १२ एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) नोंदण्या हव्यात आणि आमच्याकडे त्यातील एकही नाही. तेहतीस वर्षांत ती गरज भासली नाही, कारण मोठी रक्कम आम्ही कधी मागितलीच नाही.

१८ जुलै २०२४

शाळेच्या संस्थेच्या सचिवांना भेटलो. मैदान संध्याकाळी साडेपाच ते आठ लेखी स्वरूपात द्यायला त्यांची हरकत नाही. मी पंधरा वर्षांचा भाडेकरार मागायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनीच लक्षात आणून दिले की त्यांचीही संस्था सार्वजनिक न्यास आहे आणि १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्या वाटेला गेलो तर आमचा आणि त्यांचा दोघांचाही वेळ जाईल. म्हणून तीन वर्षांचे वापर परवानगीपत्र घ्यायचे ठरले. मॅट आमच्या मालकीची राहील, तिचे तुकडे सुटे करून ती शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत ठेवता येईल आणि शाळेच्या खेळाच्या तासाला शाळेच्या मुलांनाही वापरता येईल. हे शेवटचे कलम सचिवांनी आग्रहाने घातले आणि मला ते मनापासून पटले.

११ ऑगस्ट २०२४

सनदी लेखापाल काकांनी क्लबची घटना ओळीओळीने वाचली. उद्देशांच्या पहिल्याच कलमात "सभासदांच्या पाल्यांना खो-खो व अन्य भारतीय खेळांचे शिक्षण देणे" असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांहून अधिक मुलांचे आईवडील सभासद नाहीत, जवळच्या वस्त्यांतून मुले येतात आणि कोणी कोणाला विचारत नाही. पण कागद म्हणतो की हा क्लब आपल्या सभासदांपुरता आहे, आणि सभासदांनी सभासदांसाठी चालवलेला क्लब आयकराच्या दृष्टीने धर्मादाय ठरत नाही. खेळांचा प्रसार हा धर्मादाय उद्देश आहे असे प्रत्यक्ष कर मंडळाचे २४ सप्टेंबर १९८४ चे परिपत्रक क्रमांक ३९५ सांगते, मात्र लाभ सर्वसामान्य जनतेला खुला असला पाहिजे. छोट्या क्रीडा संस्था, वाचनालये आणि महिला मंडळे चालवणाऱ्या प्रत्येकाने आपली घटना या एका नजरेने वाचावी, असे मला फार वाटते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणाकडून तरी उतरवून घेतलेल्या मसुद्यांत "सभासदांच्या" हा शब्द जागोजागी असतो.

संस्था विसर्जित झाल्यास मालमत्ता कोणाकडे जाईल याचे कलमही अपुरे आहे. ती सभासदांत वाटता येत नाही, समान उद्देशाच्या संस्थेकडेच गेली पाहिजे, असे स्पष्ट लिहावे लागेल.

उद्देश बदलण्यासाठी १८६० च्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेत तीन पंचमांश बहुमत लागते आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तोच ठराव पुन्हा तितक्याच बहुमताने कायम करावा लागतो. पहिली सभा २५ ऑगस्टला आणि दुसरी, मधे गणपती असल्याने, २९ सप्टेंबरला ठेवली आहे.

२९ सप्टेंबर २०२४

दोन्ही सभा झाल्या. "सभासदांच्या पाल्यांना" या शब्दांच्या जागी "जात, धर्म, लिंग वा आर्थिक स्थिती न पाहता सर्व मुलामुलींना" हे शब्द आले. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की उद्या गर्दी झाली तर आपल्या नातवंडांना जागा राहील का. प्रश्न रास्त होता. सरांनी त्यांना शांतपणे सांगितले, "अण्णा, आपल्याकडे गर्दी झाली तर दुसरी तुकडी लावू. मी अजून उभा आहे." ठराव एकमताने कायम झाला.

१४ डिसेंबर २०२४

बदल अर्जांचे आदेश गेल्या महिन्यात मिळाले. आज १२ एबी व ८० जीसाठी नमुना १० एबी ऑनलाइन दाखल केला. नव्या संस्थांना नमुना १० ए भरून तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. आमचे काम मात्र आधीपासून सुरू असल्याने थेट नियमित नोंदणीच मागावी लागली. अर्ज ज्या तिमाहीत केला ती संपल्यापासून सहा महिन्यांत निर्णय होतो, म्हणजे जूनअखेरपर्यंत थांबण्याची तयारी ठेवायची. दरम्यान नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी करून घेतली. ती विनामूल्य आहे.

२० जानेवारी २०२५

काल नवी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले आणि भारताने दोन्ही चषक जिंकले. महिलांनी नेपाळला ७८–४० आणि पुरुषांनी ५४–३६ असे हरवले. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. आमच्या मुली शाळेच्या सभागृहात एकत्र बसून सामना पाहत होत्या. सामना संपल्यावर एका मुलीने मला विचारले, "काका, आपली मॅट कधी येणार?" मी तिला तारीख दिली नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

विश्वचषकानंतर चौकशीचे फोन वाढले आहेत. त्यातील एका गृहस्थांनी सीएसआरमधून पंचवीस लाख मिळवून देण्याची तयारी दाखवली. त्यांचा हिस्सा दहा टक्के, त्यातला अर्धा आगाऊ, आणि प्रस्ताव तेच लिहिणार. आमची आयकर नोंदणी अजून झालेली नाही हे त्यांना सांगितल्यावर "तेही होऊन जाईल" असे म्हणाले. कार्यकारिणीने एकमुखाने नकार दिला. ज्या पैशातला दहावा हिस्सा वाटेतच जातो त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आम्ही कोणत्या तोंडाने देणार होतो? ही नोंद मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण असे फोन इतरही छोट्या संस्थांना येत असतील, आणि गरज मोठी असते तेव्हा माणूस हो म्हणून जातो.

४ मार्च २०२५

दोन माजी खेळाडूंनी परदेशातून मदत देऊ केली. एक अमेरिकेत आहे आणि तिने तिथले नागरिकत्व घेतले आहे, दुसरा दुबईत आहे आणि त्याच्याकडे भारतीय पारपत्र आहे. पहिलीचे पैसे, ते तिने भारतातल्या खात्यातून दिले तरी, परदेशी अंशदान ठरतात आणि त्यासाठीची नोंदणी आमच्याकडे नाही. ती मिळवायला तीन वर्षांत किमान पंधरा लाख रुपये मूळ कामावर खर्च केलेले दाखवावे लागतात, ते आमच्या आवाक्याबाहेर आहे. दुसऱ्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी मात्र परदेशी ठरत नाही. पहिलीला नकार कळवताना वाईट वाटले. बावीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या संघात पहिली निवड झालेली ती आमची मुलगी. तिने दरमहा एका संध्याकाळी मुलींना व्हिडिओवरून इंग्रजी संभाषण शिकवायचे कबूल केले आहे आणि ते सुरूही झाले.

६ एप्रिल २०२५

आयकर कार्यालयाकडून विचारणा आली. मागील तीन वर्षांची खाती, घटनादुरुस्तीची कागदपत्रे आणि संस्था प्रत्यक्षात कोणासाठी काय काम करते याचे पुरावे मागितले आहेत. छायाचित्रे, प्रमाणपत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे आमच्याकडे आहेत, पण ती सारी जिंकलेल्या मुलांची आहेत. जी मुले कधी जिंकली नाहीत आणि तरी वर्षानुवर्षे येत राहिली त्यांचा पुरावा कोणता, या प्रश्नावर मी दोन दिवस अडकलो होतो.

मग सरांनी हजेरीच्या वह्या काढून दिल्या. लाल कापडी पाठीच्या, लांब घडीच्या एकोणतीस वह्या, १९९६ पासूनच्या. मी गेली कित्येक वर्षे सरांना मैदानावर फक्की मारून झाल्यावर त्या वहीत टिपणे करताना पाहत होतो, पण ती उघडून कधी पाहिली नव्हती. प्रत्येक पानावर नाव, शाळा, इयत्ता, वस्तीचे किंवा वाड्याचे नाव आणि शुल्काचा रकाना आहे. माफी असेल तिथे त्या रकान्यात फक्त एक बारीक टिंब आहे. कारण लिहिलेले नाही. मी विचारले तेव्हा सर म्हणाले, "वही मुलांच्या हाती लागते. कोणाचं माफ आहे ते दुसऱ्या मुलाला कशाला कळायला हवं?" २००५ च्या जुलैची पाने पावसात भिजून शाई पसरलेली आहे, आणि तेवढ्या पानांची त्यांनी पुढच्या वहीत पुन्हा नक्कल करून ठेवली आहे.

खजिनदार ताई, मी आणि दोन माजी खेळाडू अशा चौघांनी चार संध्याकाळी बसून शेवटच्या पाच वह्यांतील नोंदी संगणकावर घेतल्या. किती मुले, त्यांत मुली किती, कोणत्या भागातून, किती टिंबे. आमच्या क्लबचे काम सर्वांना खुले आहे हे आम्ही घटनेत सप्टेंबरात लिहिले, सर ते एकोणतीस वर्षे रोज संध्याकाळी लिहीत होते. पाच वर्षांचा गोषवारा आणि वह्यांतील निवडक पानांच्या प्रती, मुलांची नावे झाकून, उत्तरासोबत जोडल्या.

२६ मे २०२५

दोन्ही आदेश मिळाले.

१५ जून २०२५

कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नमुना दाखल करून क्रमांक मिळवला. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला यासाठी त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यासाठीही वह्यांचाच गोषवारा कामी आला.

मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरील अर्ज भरण्यात आम्ही वेळ घालवायचा नाही असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. कारण असे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा अधिक आहे तिच्यावर, तसेच पाचशे कोटी नक्त मूल्य किंवा हजार कोटी उलाढाल असलेल्या कंपनीवर, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चाचे बंधन आहे. पाच कोटी सरासरी नफ्याचे दोन टक्के म्हणजे दहा लाख. इतकी छोटी रक्कम घेऊन मोठी स्वयंसेवी संस्था दारात येत नाही. शिवाय पन्नास लाखांपर्यंतचे दायित्व असलेल्या कंपनीला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, निर्णय संचालक मंडळच घेते. भोसरी, चाकण, हडपसर या पट्ट्यात अशा कंपन्या आहेत आणि त्यांच्या मालकांपैकी कोणी ना कोणी लहानपणी खो-खो खेळलेला असतोच. आमच्या माजी खेळाडूंपैकी कोण कोठे नोकरीला आहे याची यादी करायला घेतली.

६ जुलै २०२५

पहिल्या कंपनीने नकार दिला, आणि नकाराचे कारण आमच्याच अर्जात होते. आम्ही "मॅट खरेदीसाठी साहाय्य" मागितले होते. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमधील शब्द मात्र ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक व ऑलिम्पिक खेळांच्या प्रोत्साहनासाठी प्रशिक्षण असे आहेत. कंपनीला वस्तू विकत घेऊन द्यायची नसते, प्रशिक्षणाचे काम दाखवायचे असते. काल रात्री प्रस्ताव पुन्हा लिहिला. नव्वद मुलांचे दोन वर्षांचे प्रशिक्षण, त्यातील मुलींचे प्रमाण, माफीचे प्रमाण, दोन प्रशिक्षकांचे मानधन क्लब स्वतः देणार, आणि त्या प्रशिक्षणाचे साधन म्हणून मॅट. यात एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नाही, फक्त आधी सांगायची ती आधी आणली.

३ ऑगस्ट २०२५

भोसरीतील एका कंपनीच्या संचालकांनी मैदानावर येऊन दोन तास सराव पाहिला. त्यांनी प्रस्तावाची फाइल बाजूला ठेवली आणि वही मागून घेतली. ४,५०,००० रुपये दोन हप्त्यांत देण्याचे त्यांनी लेखी कळवले आहे. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालांच्या सहीने दिल्यावर दुसरा हप्ता. या रकमेचे खाते ताईंनी आजच वेगळे उघडले.

माजी खेळाडूंकडून आतापर्यंत १,८५,००० रुपये जमले. दोन हजारांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिल्यास ८० जीची सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हे दोन्ही आम्ही आवाहनातच स्पष्ट लिहिले होते. अनेक तरुणांनी सवलत नाही हे वाचूनही दिले. प्रत्येकाचा पॅन घेतला आहे, कारण ३१ मेपर्यंत नमुना १० बीडी हे देणग्यांचे विवरण भरून प्रत्येक देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागेल.

क्लबचे स्वतःचे ६०,००० धरून एकूण ६,९५,००० रुपये झाले. गरज ८,५०,००० ची आहे.

१० ऑगस्ट २०२५

उरलेल्या १,५५,००० रुपयांसाठी थांबायचे की नाही यावर सभेत बराच वेळ चर्चा झाली. कर्ज काढावे अशी एक सूचना आली, ती मला मान्य नव्हती. सरांनी उपाय सुचवला. लहान वयाच्या किशोर-किशोरी गटाच्या २३ × १४ मीटरच्या मैदानापुरती मॅट आता घ्यावी. पट्टीसह ते २६ × १७, म्हणजे ४४२ चौरस मीटर होते. त्याच दराने मॅटचे ५,७३,८०० आणि जमिनीचे १,१०,०००, एकूण ६,८३,८००. तुकडे अडकवण्याचेच असल्याने पुढे वाढवता येतात. कंपनीला हा बदल लेखी कळवून त्यांची लेखी संमती घेतल्यावरच मागणी नोंदवायची, असे ठरले.

२१ सप्टेंबर २०२५

मॅट आली. टेम्पोतून उतरवताना मुलींनी रांग लावून तुकडे हातोहात आत नेले. ताईंनी दारात उभे राहून मोजणी केली, ४४२ पैकी तीन तुकड्यांच्या कडा फाटलेल्या निघाल्या. चलनावर तशी नोंद करून पुरवठादाराची सही घेतली आणि ते तीन तुकडे बदलून मिळेपर्यंत एकूण रकमेतील शेवटचा भाग रोखून धरला आहे. जडवस्तू नोंदवहीत पान ४१ वर नोंद घेतली, बिलाची प्रत आणि छायाचित्रे उपयोगिता प्रमाणपत्राच्या फायलीत लावली.

संध्याकाळी सहा वाजता सरांनी नेहमीप्रमाणे हजेरी घेतली, एकाहत्तर मुले होती. गेल्या वर्षी मे महिन्यात कचरलेली ती मुलगी आता सतरा वर्षांची आहे आणि हे लहान मैदान तिच्या गटाचे नाही, तरी पहिला सूर तिनेच मारावा असे सगळ्यांनी ठरवले. खांबाजवळून तिने सूर मारला, उठली, कोपर उलटसुलट करून पाहिले आणि पुन्हा मारला.

उरलेल्या १२८ चौरस मीटरचे कोटेशन नव्याने मागवले आहे.